दिवस नेमका संपतो कधी?

सांजवेळ

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री लेकीला पुस्तक वाचून दाखवत होते. पान उलटणार तेवढ्यात ती म्हणाली, "आई, हे पान तू दोनदा वाचलंस." खरंच वाचलं होतं. वाघाचा आवाज काढून, हातवारे करून, दोन्ही वेळा अगदी साग्रसंगीत. आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तोंड गोष्ट वाचत होतं आणि डोक्यात संध्याकाळी सव्वासातला आलेला कामाचा निरोप घोळत होता. निरोप तरी काय, "उद्या बोलू या" एवढाच.

ती झोपल्यावर बराच वेळ अंधारात बसून राहिले. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं माझ्या हातातलं पान पुढे उलटून दिलं होतं.

मी कामाखाली पिचून गेले आहे असंही नाही. कागदावर आठच तासांचं काम आहे, घरातलेही सगळे हात लावतात. तरी कुठेच पूर्ण नसते. जेवताना कामात, कामात असताना घरात, अंथरुणावर उद्यात. सुट्टी घेऊन पाहिली. चौथ्या दिवशी कुठे जीव थाऱ्यावर आला आणि परतल्यावर दोन दिवसांत पुन्हा तीच तगमग. ध्यानाचं अ‍ॅपही घेतलं होतं. काही दिवस छान गेले, मग एक दिवस चुकला आणि रात्री "आजचं ध्यान राहिलं" म्हणून जीवाला घोर लागला. शांतताही राहिलेल्या कामांच्या यादीत जाऊन बसली होती.

मला वाटतं, माझ्याकडे वेळ कमी आहे हे खरं कारण नाही. माझ्या दिवसाला काठच उरलेला नाही. काम संपायचं तेव्हा काहीतरी बंद व्हायचं. दिवा मालवला जायचा, कपाटाला कुलूप लागायचं, फाईल मिटायची, निदान परतीची वाट तरी असायची. आता त्याच हातातल्या चौकोनात साहेब, शाळा, बँक, बहीण आणि जगभरच्या बातम्या. एकातून दुसऱ्यात जाताना मध्ये उंबराच लागत नाही.

म्हणून विचारते. तुम्ही दिवस मिटवता कसा? पहाटे उठणं, व्यायाम, ध्यान हे सगळं चांगलंच आहे, त्याबद्दल बरंच वाचलंय. मला शेवटाबद्दल ऐकायचंय.

मितभाषी

लेकीने पान उलटून दिलं, तिथे थांबलो. माझ्या घरीही हेच चालू आहे. वाचतोय.

निळी शाई

सांजवेळताई, "उद्या बोलू या" या तीन शब्दांनी एवढं का छळावं याचं उत्तर मला वाटतं त्याच शब्दांत आहे. ते वाक्य अर्धवट आहे. काय बोलायचं, चांगलं की वाईट, किती वेळ, काहीच सांगत नाही. अर्धवट राहिलेली गोष्ट मन सहज सोडत नाही.

यावर जुनं संशोधन आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं की मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. लक्षात राहण्याबद्दलचा हा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत सगळीकडे तसाच मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या दोघांनी दाखवलेली गोष्ट मला रोजच्या जगण्यात पटते. राहिलेलं काम डोक्यात सारखं डोकावत असेल, तर ते पूर्णच करायला हवं असं नाही. कधी, कुठे, कसं करणार याचा पक्का बेत ठरला तरी ते डोकावणं थांबतं.

मी शिकवते. वर्षानुवर्षं तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घरी आणायचे आणि त्यातले निम्मे दिवस तो न उघडताच परत न्यायचे. गठ्ठा कोपऱ्यात असायचा आणि मी त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक करायचे, तरी तो दिसत राहायचा. आता निघण्याआधी एका छोट्या वहीत राहिलेलं सगळं लिहिते. "वह्या तपासणे" असं मोघम मी लिहीत नाही. "मंगळवारी तिसऱ्या तासाला, स्टाफरूममध्ये, पहिल्या बारा वह्या" असं लिहिते. मोघम लिहिलं तर मनाचा विश्वास बसत नाही, ते राखण करतच राहतं.

झोपेच्या बाबतीतही हे तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढे करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण मला आधी वाटायचं की रात्री कामं आठवली तर झोप उडेल. घडतं उलटंच.

पाऊलखुणा

वहीला अनुमोदन. फक्त फोनमध्ये लिहू नका. लिहायला फोन उघडतो आणि पाऊण तासाने बाहेर येतो, लिहायचं राहतं ते राहतंच.

अंगण

सगळं वाचलं. पटलंही. पण वाचताना घशात काहीतरी दाटून आलं, म्हणून लिहिते.

माझा दिवस मिटतच नाही. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री नवरा आणि मी पाळी लावतो. धाकटा चार वर्षांचा आहे. वहीत काय लिहू? "मंगळवारी तिसऱ्या तासाला" माझ्या आयुष्यात नाही. माझं काम संपेल त्या दिवसाची वाट बघायची म्हणजे कशाची वाट बघायची, हे तुम्हाला कळतंय ना? त्या विचाराचीच मला लाज वाटते.

कोणाला दुखवायचं नाही. पण "स्वतःसाठी वेळ काढा" हे वाक्य आता कोणी म्हटलं की मी खोलीतून उठून जाते.

सांजवेळ

अंगणताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी प्रश्न विचारताना फक्त माझ्यासारख्यांचाच दिवस डोळ्यांसमोर धरला होता. माझ्याकडे तुम्हाला द्यायला उत्तर नाही. इथे कोणाकडे असेल तर कृपया लिहा.

रात्रपाळी

अंगणताई, मी परिचारक आहे. अतिदक्षता विभागात अकरा वर्षं काढली, त्यातली बरीच रात्रीची. तुमची ती लाज मी अनेक नातेवाइकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. जे सर्वात जास्त करतात त्यांच्याच डोळ्यांत ती असते. दमलेल्या माणसाला हे संपावं असं वाटतं, आणि माया त्याच्या शेजारीच असते. एवढं आधी सांगतो.

आता कामाचं. आमच्याकडेही काम संपत नाही. एका खाटेवरून दुसरीकडे जायचं आणि पहिल्याचं ओझं तिथे न्यायचं नाही, हे शिकावं लागतं, नाहीतर चुका होतात. मला ते एका वयस्क सिस्टरने शिकवलं. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आम्हाला ते करावंच लागतं. त्या म्हणाल्या, "तेवढा वेळ फक्त हातच धू." पाण्याचा गारवा, फेस, बोटांच्या बेचक्या. आणि श्वास सोडताना सावकाश सोड, घेतलास त्यापेक्षा जास्त वेळ लावून.

यामागे साधी शरीररचना आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, कारण सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा लगाम हृदयावर आवळला जातो. मोठी माणसं एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतात. ते सहाच्या आसपास आणले की हा परिणाम सर्वात ठळक होतो. म्हणजे एक वेळ हात धुताना पाच-सहा श्वास. तुमचे हात दिवसातून किती वेळा धुतले जातात ते तुम्हालाच माहीत. नवीन वेळ काढावा लागत नाही, जो जातोच आहे त्यातच हे बसतं. दिवस मिटत नसेल तर एकेक कूस मिटवायची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. श्वासाने झोप भरून निघत नाही. तुम्हाला माणूस हवाय. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पाच-सहा जण असतीलच. त्यांतल्या एकाला ठरलेला वार आणि ठरलेले दोन तास मागा. "शनिवारी तीन ते पाच, दर आठवड्याला." लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं. आणि ते दोन तास झोपा. घर आवरू नका.

अंगण

"एकेक कूस मिटवायची."

रडले थोडी. बरं वाटलं. नणंदेला विचारून बघते.

चौथा मजला

धागा मनापासून लिहिलाय, म्हणूनच एक विरोध नोंदवतो. सव्वासातला निरोप पाठवणारा माणूस या चर्चेत कुठेच नाही. त्याने पाठवत राहायचं आणि आपण वह्या लिहायच्या, श्वास मोजायचे, हे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून रितं होण्याची, व्याख्या दिली. तिथे ते आजार म्हणून नोंदवलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलंय, आणि कारण म्हणून कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घकालीन ताण दिलाय. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. म्हणजे तो काठ समाज म्हणून बांधता येतो. सगळा भार एकेकट्या माणसाच्या मनःशांतीवर टाकू नये.

आता माझा अनुभव. आमचे वरिष्ठ रात्री अकरापर्यंत निरोप टाकायचे. आम्ही दोन वर्षं एकमेकांत धुसफुसलो. शेवटी तिघांनी मिळून, दिवसा, नीट बसून त्यांच्याशी बोललो. त्यांना खरंच कल्पना नव्हती. म्हणाले, "अरे, मला आठवतं, विसरू नये म्हणून लगेच टाकतो. उत्तर सकाळीच अपेक्षित असतं." वर निळी शाई यांनी वहीबद्दल लिहिलंय ते वाचताना आज लक्षात आलं, त्यांची वही आम्ही होतो! त्यांचं डोकं हलकं व्हायचं आणि आमचं जड. आता ते निरोप लिहून सकाळी नऊची वेळ लावून ठेवतात. खरोखर तातडीचं असेल तर फोन करायचा, असं ठरलंय. आठ महिन्यांत दोनदा फोन आला.

निळी शाई

चौथा मजला, "त्यांची वही आम्ही होतो" हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. मीही रात्री दहाला पालकांच्या गटावर सूचना टाकते. आज कळलं मी काय करत होते.

उंबरा

चौथा मजला यांच्या मुद्द्याला जोडून थोडं. कामातून मन सुटणं यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने झोनेनटाग यांनी खूप काम केलंय. कामानंतर सावरायला काय लागतं याचे चार भाग त्यांनी आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये मांडले: कामापासून मनाने सुटणं, शरीर सैलावणं, काहीतरी नवीन जमण्याचा आनंद, आणि आपला वेळ आपल्या हाती असणं. पुढे झोनेनटाग यांनीच एक कोडंही दाखवलं. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना सावरण्याची गरज सर्वात जास्त, आणि नेमकं त्यांनाच ते सर्वात कमी जमतं. त्यामुळे "मला साधं शांतही बसता येत नाही" म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये. पाय मोडलेल्याला चालता येत नाही, तसंच ते.

तिसऱ्या भागाकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं. दमलेल्या संध्याकाळी आपण पडून राहून फोन चाळतो, आणि उठतो तेव्हा जास्त दमलेले असतो. मी गेल्या वर्षी पन्नाशीत तबला शिकायला लागलो. बोट चुकतं तेव्हा डोक्यात दुसरं काही मावतच नाही. अंग दमतं आणि मन धुतल्यासारखं होतं.

आणि स्वानुभवावरून एक कळकळीची विनंती. मला सहा महिने सारखी धडधड, हाताला बारीक कंप, झोप नाही, वजन उतरलेलं. मी तो मनाचा ताण समजून प्राणायाम वाढवत राहिलो. रक्त तपासल्यावर थायरॉईडचं काम प्रमाणाबाहेर वाढलेलं निघालं. औषधाने दोन-तीन महिन्यांत पुष्कळ उतार पडला. मन अस्वस्थ आहे म्हणजे कारण मनातच असेल असं नाही. तसंच, दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, सतत उदास वाटत असेल, तर वही-श्वास यांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. जगणंच नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, जवळच्या माणसाला आजच सांगा.

वाटसरू

मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. तुम्हा सगळ्यांना जे हवंय ते माझ्याकडे भरपूर आहे. कोणाचा निरोप येत नाही. दिवस संध्याकाळी पाचलाच मिटलेला असतो. आणि पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वात अशांत वर्ष होतं.

सकाळी उठून पेपर वाचायचो आणि मग साडेनऊला पोटात खड्डा पडायचा. भूक नव्हे, नुसतं रितेपण. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असली तरी काटा मध्येच उभा राहतो. त्याला समतोल म्हणायला माझं मन तयार नाही. काहीतरी वजन लागतं.

आपल्या भाषेत "स्वस्थ" हा शब्द किती सुंदर आहे पाहा. स्व आणि स्थ, स्वतःच्या ठिकाणी असलेला. आणि आपण तो कधी वापरतो? लहान मुलाला दटावताना. "जरा स्वस्थ बस!" मोठं झाल्यावर कोणी स्वस्थ बसलेलं दिसलं की त्याला रिकामटेकडा म्हणतो. म्हणजे लहानपणी बसत नाही म्हणून ओरडा आणि मोठेपणी बसलो म्हणून. मग हे शिकायचं कधी?

मला वाचवलं ते शेजारच्या एका मुलाच्या गणिताने. त्याला अपूर्णांक येत नव्हते. आता सहा मुलं येतात, चार ते साडेपाच. त्या दीड तासामुळे बाकीचा दिवस निवांत झाला. आधी तोच दिवस रिकामा होता.

मितभाषी

वाटसरूकाका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांना विचार, सुरुवात कशी केली."

वाटसरू

त्यांना सांगा, मी सुरुवात केलीच नाही. जिन्यात पोरगं रडत बसलं होतं, शेजारी मीही बसलो. वडिलांना माझा नमस्कार कळवा.

सांजवेळ

साडेतीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचं वाचून जे केलं ते सांगते, जमलेलं आणि न जमलेलं.

वही चालू आहे. पहिल्या आठवड्यात मी यादी लिहायचे आणि ती बघून छातीत आणखी धडधडायचं. मग कळलं, मी कामं लिहीत होते, वेळ लिहीत नव्हते. वार आणि तास लिहायला लागल्यापासून फरक आहे. काही कामांपुढे लिहिण्यासारखा वारच सापडेना. ती खोडली. त्यातली दोन मी वर्षभर वाहत होते.

साहेबांशी बोलले. चौथा मजला यांच्याइतकं सोपं गेलं नाही. ते ऐकून घेतात, दोन दिवस पाळतात, पुन्हा सुरू. मी एवढंच मागितलं की निरोपात विषय लिहा. "उद्या बोलू या" ऐवजी "उद्या अहवालाच्या तक्त्याबद्दल बोलू या, दहा मिनिटं". ते मात्र त्यांनी केलं. आणि खरं सांगते, सव्वासातला निरोप आला तरी आता तेवढा टोचत नाही, कारण तो पूर्ण असतो.

फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा असं ठरवलं होतं. बाराच रात्री जमलं. ज्या रात्री नाही जमलं त्या रात्री काय झालं हेही पाहिलं. पडद्याचा उजेड कमी करून, पिवळा करून उपयोग झाला नाही. उजेडाने झोपेवर परिणाम होतो हे खरंच आहे, पण मला जागं ठेवलं ते मजकुराने.

सर्वात जास्त उपयोग झाला तो हात धुण्याचा. रात्रपाळीदादा, तुम्ही अंगणताईंना लिहिलं होतंत, मी उचललं. काम बंद केल्यावर आणि लेकीच्या खोलीत जाण्याआधी मी हात धुते. काल ती म्हणाली, "आई, तुझे हात रोज गार का असतात?"

अजूनही पान चुकतं कधीकधी. पण चुकल्याचं आता मला तिच्याआधी कळतं.

अंगणताई, तुम्ही कशा आहात?

अंगण

नणंदेला विचारलं होतं. मला वाटलं होतं कारणं सांगेल. ती म्हणाली, "मी कधीची वाट बघत होते तू काही मागशील म्हणून." रविवारी दोन ते चार येते. पहिल्या रविवारी झोपच लागली नाही, सारखं कान तिकडे. दुसऱ्या रविवारी इतकी झोपले की तिने साडेचारला उठवलं, आणि उठवलं म्हणून माफी मागितली.

परवा सासूबाईंची कूस बदलताना माझे हात त्यांच्या पाठीवर जरा जास्त वेळ राहिले. घाई नव्हती. त्या म्हणाल्या, "आज हात हलका आहे गं तुझा."

रात्रपाळी

ताई, आता ड्यूटीवर निघालोय. हे वाचून जातोय.